कुठला खेळ, कुठलं जग

४ मार्च, बुधवार

धाकट्याचा शनिवारचा खेळ आता मी चालवणार. ठरलं म्हणजे ठरलं.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. अठ्ठेचाळीस वर्षांचा झाला, पण शेंडेफळ ते शेंडेफळच. गेली अकरा वर्षं दर शनिवारी संध्याकाळी त्याच्या जेवणाच्या टेबलाभोवती तो आणि आणखी चारजण जमायचे आणि जेवण सोडून बाकी सगळं करायचे. एकजण गोष्ट सांगणार, त्याला म्हणायचं सूत्रधार. बाकीचे गोष्टीतली माणसं होणार. कुणी चोर, कुणी वैदू, कुणी तलवारबाज. सूत्रधार म्हणणार, समोर कुलूपबंद दार आहे, काय करता? चोर म्हणणार, मी कुलूप उघडते. मग फासा टाकायचा. आकडा चांगला पडला तर दार उघडलं, नाही पडला तर आतून कुणीतरी येऊन मानगूट धरणार. पन्नाशीला टेकलेली माणसं हे करतात! 'पोरखेळ' हा शब्द मी त्याच्या तोंडावर इतक्यांदा वापरलाय की तो मला पाहिलं की आपणच म्हणायचा, "या ताई, पोरखेळात स्वागत आहे."

सूत्रधार कायम तोच. विमा कंपनीत दावे तपासायचं काम त्याचं. "दिवसभर लोकांनी बनवलेल्या गोष्टी ऐकतो, आठवड्यातून एकदा मी बनवलेली ऐकवतो. फिट्टंफाट," असं म्हणायचा.

नोव्हेंबरात त्याच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. हात-पाय सावरले, बोलणं सावरलं नाही. कळतं सगळं. डोकं पहिल्यासारखंच तल्लख. पण हवा तो शब्द हाती लागत नाही. टॉवेल मागायचा असतो आणि तोंडून 'मंगळवार' निघतं. मग स्वतःवरच चिडतो. आता तर प्रयत्न करायचाच सोडलाय. बोलण्याचा सराव घ्यायला बाई येतात, त्या म्हणतात, बोलत राहिला तर सुधारेल, गप्प राहिला तर आहे तेही जाईल. काल भावजय फोनवर सांगत होती, मित्र आले की तो आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतो. सांगताना तिचा आवाज इतका सपाट होता की मला ती रडली असती तर बरं वाटलं असतं.

मी अर्धं आयुष्य ड्रायव्हिंग स्कूल चालवलंय. ज्यांनी पहिल्या दिवशी मला दुभाजकावर चढवलं त्यातले दोघे आज ट्रक चालवतात. एक खेळ चालवायला असं काय मोठं लागतं?

७ मार्च, शनिवार

धाकट्याच्या कपाटातली पुस्तकं गाडीच्या डिकीत भरून आणली. मला वाटलं होतं खेळ म्हणजे एकच खेळ. छे! प्रत्येक पुस्तक वेगळा खेळ, वेगळे नियम, वेगळे फासे. वर प्रत्येकाचं जग वेगळं. कुठे उडते राक्षस, कुठे जमिनीखालचे बुटके लोहार, कुठे नुसतंच बर्फ आणि भुकेले लांडगे. म्हणजे निवडायचं दोनदा. एक, नियम कुठले. दोन, जग कुठलं.

मी सरळ सगळ्यांत जाड उचललं. तीन खंड. त्यात सगळ्याला तक्ता आहे. भिजलेल्या दोराचं वजन किती वाढतं, त्याचासुद्धा! वाहतुकीच्या नियमांचं पुस्तक इतकं मन लावून कुणी लिहिलं असतं तर निम्मे अपघात टळले असते. अशा पुस्तकात माणूस चुकू शकत नाही. त्यातलंच तयार जग घेतलं, पाच राजघराणी आणि नकाशा.

धाकट्याचं स्वतःचंही एक जग होतं म्हणे, त्याने रचलेलं, ज्यात ही मंडळी इतकी वर्षं खेळली. ते मुद्दाम घेतलं नाही. उगाच जखमेवरची खपली कशाला काढा.

२१ मार्च, शनिवार

पहिली बैठक पार पडली.

सगळे आले. भावजय आणि माझी भाची तर घरच्याच. शिवाय धाकट्याचे दोन मित्र. एक जमीन मोजणीच्या ऑफिसातला, त्याला सगळे मोजणीदार म्हणतात. दुसरी ऑपरेशनच्या आधी भूल देणारी डॉक्टर, तिचं नाव पडलंय भूलबाई. धाकटा बाहेर येईना. मी आत गेले, हाताला धरून आणलं. दाराजवळची खुर्ची दिली, वारा लागतो तिथे. टेबलाच्या टोकाला त्याची जुनी हाताची खुर्ची आहे, तिथून सगळे नीट दिसतात, म्हणून तिथे मी बसले.

त्याला चांगला भक्कम योद्धा दिला, सगळ्यांत ताकदवान. पण या नियमांत बेरजा फार. फासा टाका, त्यात ताकद मिळवा, त्यातून ओझं वजा करा. धाकट्याचे आकडेही घसरतात हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. बारा म्हणायचं असतं आणि 'सात' येतं. मग मीच भराभर त्याच्या वाटच्या बेरजा करत गेले, मदत म्हणून. फासाही एक-दोनदा मीच टाकला, त्याला उशीर लागत होता.

संध्याकाळभरात आम्ही एक पूल ओलांडला. त्यावर काही नव्हतं. नुसता पूल.

मोजणीदार बसल्या जागी घोरायला लागला. भूलबाई म्हणाली, "ताई, माझं काम तुम्ही सुईशिवाय केलंत." सगळे हसले. मीही हसले, त्यात काय. वळून पाहिलं तर दाराजवळची खुर्ची रिकामी.

निष्कर्ष: आकडे जास्त झाले. दोष पुस्तकाचा.

२४ मार्च, मंगळवार

नवीन पुस्तक निवडलं. पुस्तक कसलं, सोळा पानांची चोपडी. बेरीज नाही, वजाबाकी नाही, तक्ते नाहीत. दोन फासे आणि बाकी सगळं बोलण्यावर. जितकं रंगवून सांगाल तितकं घडतं. यात दुहेरी फायदा: खेळ सोपा आणि धाकट्याला बोलायचा सराव. आधी हेच का नाही घेतलं मी! जग मात्र बर्फाचं घेतलं. बर्फात कमी गोष्टी असतात, म्हणजे शब्दही कमी लागतील. असा विचार कुणी केला नसेल.

४ एप्रिल, शनिवार

आज वाईट झालं. लिहायचं नव्हतं, पण लिहायचं नसेल तर डायरी ठेवावी कशाला.

बोलण्याचा खेळ, त्यामुळे धाकट्याची पाळी आली की सगळे त्याच्याकडे बघायचे. प्रेमानेच बघायचे. पण दहा डोळे प्रेमाने रोखलेले असले तरी ते दहा डोळेच. तो म्हणाला, "मी... मी..." आणि हाताने काहीतरी दाखवायला लागला. मला दिसत होतं त्याला काय म्हणायचंय. म्हणजे वाटत होतं. मी म्हटलं, "तू गुहेत शिरतोस." त्याने मान हलवली, नाही. "बरं, तू विस्तव पेटवतोस." नाही. "लांडग्यावर धावून जातोस?" भाची म्हणाली, "आत्या, थांब ना जरा." मी म्हटलं, "अगं, थांबलेच आहे, पण गोष्ट पुढे जायला नको?"

धाकट्याने फासा उचलला आणि भिंतीवर मारला. कपाटाच्या काचेला तडा गेला. मग उठून आत गेला. दार आपटलं नाही. हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं.

मोजणीदार गुडघ्यांवर बसून कपाटाखाली फासा शोधत राहिला, सापडल्यावरही बराच वेळ तिथेच बसला.

रागावता येणं हे बरं होत असल्याचं लक्षण आहे, असं मी कुठेतरी वाचलंय. तसंच असेल.

८ एप्रिल, बुधवार

धाकट्याला सध्या गाडी चालवायची परवानगी नाही, म्हणून भावजय माझ्याकडे शिकायला येते. हात चांगला आहे तिचा. बाजारातल्या चौकात आज गर्दी होती, समोर एक हातगाडी आडवी आली आणि मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला. शिकवायच्या गाडीत माझ्या पायाशीही एक ब्रेक असतो.

भावजय म्हणाली, "ताई, मी दाबणारच होते."

"दाबला नव्हतास पण."

"तुमचा पाय आधी पोचतो. दर वेळी. मग मला कळतच नाही मला थांबवता आलं असतं की नाही."

"अगं, हातगाडीवाल्याच्या जिवाशी खेळायचं का?"

ती हसली. म्हणाली, "नाही, तसं नाही म्हणत." उतरताना म्हणाली, "घरी मीसुद्धा तेच करते. त्याने 'पा' म्हटलं की पाणी आणून ठेवते. कधी कधी त्याला 'पाऊस' म्हणायचं असतं."

बिचारी दमलीये. तिला म्हटलं, पुढच्या आठवड्यात दोन दिवस माझ्याकडे राहायला ये.

१८ एप्रिल, शनिवार

तिसरा प्रयोग. या वेळी दुकानात जाऊन नवा कोरा खेळ आणला. आकडे नाहीत, बोलणंही नाही. नुसती चित्रांची पानं. आपल्या मनातलं चित्र पुढे टाकायचं. जग म्हणजे जंगल: साळिंदर, ससे, एक म्हातारा बेडूक. दुकानदार म्हणाला, फार लोकप्रिय आहे. कुणात, ते मी विचारलं नाही.

धाकट्याने खोका हातात घेतला. उलटापालटा केला. एका कोपऱ्यावर बोट ठेवून मला दाखवलं. तिथे छापलं होतं, 'वय वर्षे सहा ते दहा'.

मी म्हटलं, "अरे, वयाचं काही मनावर घ्यायचं नाही."

त्यावर तो एक शब्द बोलला. स्वच्छ, खणखणीत, एकही अक्षर न अडखळता. 'हो-नाही' सोडलं तर नोव्हेंबरपासूनचा त्याचा हा पहिला अचूक शब्द, आणि तो डायरीतसुद्धा लिहिता येत नाही.

भाची फिस्सकन हसली, भूलबाईने तोंडावर रुमाल धरला, भावजय तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. भूलबाई म्हणाली, "शिव्या शाबूत राहतात, ताई. मेंदूत त्यांचं घर वेगळं असतं." धाकटाही हसला. पुष्कळ दिवसांनी त्याचे दात दिसले.

साळिंदराचा खेळ काही झाला नाही. सगळ्यांनी चहा घेतला. धाकटा शेवटपर्यंत टेबलाशी बसून होता. खेळ झाला नाही, म्हणून बसला असेल.

२२ एप्रिल, बुधवार

तीन खेळ, तीन जगं, सगळी फुकट. शनिवारपासून जरा खचल्यासारखं झालंय. शाळेत धाकटा तोतरा बोलायचा तेव्हा त्याच्या वतीने मीच भांडायचे. तेव्हा जमायचं. आता काय चुकतंय कळत नाही.

आज संध्याकाळी मोजणीदार आणि भूलबाई दोघांना स्कूलच्या ऑफिसात बोलावलं आणि सरळ विचारलं, "तुम्हाला कुठला खेळ हवाय?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मोजणीदार म्हणाला, "ओहोटी."

ओहोटी म्हणजे धाकट्याने रचलेलं जग. त्या जगात समुद्र एके दिवशी मागे सरला तो परत आलाच नाही. जहाजं चिखलात रुतली, ती तशीच उभी. त्या जहाजांत आता माणसं राहतात, डोलकाठ्यांना दोर बांधून इकडून तिकडे जातात. हे दोघे सांगायला लागले आणि थांबेचनात. मोजणीदार वैदू आहे, शंख-शिंपल्यांची औषधं करतो. भूलबाई तलवारबाज. ("दिवसभर माणसं झोपवते, कुठेतरी आरडाओरडा नको का?") भावजय चोर आहे, इतकी वर्षं एकदाही पकडली गेलेली नाही! आणि भाची नावाडी. पाणी नसलेल्या जगात नावाडी. तिने हट्टच धरला होता म्हणे, आणि धाकटा म्हणाला होता, ठीक आहे, बघू.

"मग आता कुठे अडलंय?" मी विचारलं.

भूलबाई म्हणाली, "ऑक्टोबरात आम्ही सगळ्यांत उंच डोलकाठीवर चढलो होतो. दूर काहीतरी हलताना दिसलं. तो म्हणाला, 'आणि तुम्हाला दिसतं...' आणि पुस्तक मिटलं. म्हणाला, पुढच्या वेळी. अजून आम्ही तिथेच लटकलोय, ताई."

मी म्हटलं, "मग उतरवते तुम्हाला. मला ते जग सगळं समजावून सांगा."

मोजणीदार म्हणाला, "तुम्ही सांगणार ओहोटी?"

"मग कोण सांगणार?"

तो चष्मा पुसत बसला. हे लोक सगळे असेच. मनात असतं ते तोंडावर येत नाही, आणि आजारी म्हणे माझा भाऊ.

२ मे, शनिवार

क्रमाने लिहिते.

ओहोटीची पुरती तयारी केली होती मी. नकाशा काढला, जहाजांना नंबर दिले. टोकाच्या खुर्चीत बसले. धाकटा दाराजवळ. "तर," मी सुरू केलं, "तुम्ही सगळे डोलकाठीवर आहात. खाली डावीकडे नदी वाहतेय..."

"नाही," धाकटा म्हणाला.

हा शब्द त्याला येतो. मी म्हटलं, "बरं, नदी नाही, ओढा..."

"नाही."

"तर ओढ्यापलीकडून एक स्वार येतोय, पांढऱ्या घोड्यावर..."

"नाही! नाही. नाही." टेबलावर हात आपटत होता. वाटलं, नको होतं हे, उगाच जुन्या आठवणी उकरून काढल्या. मी कागद गोळा करायला लागले. म्हटलं, "आज इथेच थांबू या. त्याला त्रास होतोय."

कुणीच उठलं नाही. भाची खाली मान घालून नखं कुरतडत होती. धाकटा उठला आणि माझ्या खुर्चीशी येऊन उभा राहिला. मी म्हटलं, "पाणी हवंय? उकडतंय का? पंखा वाढवू?" तो नुसता उभा. मी भावजयीला म्हटलं, "अगं, बघ ना त्याला काय हवंय."

भावजय म्हणाली, "मी नाही सांगणार, ताई. तो सांगेल."

आणि सगळे थांबले. मला असं थांबणं जमत नाही, पाय शिवशिवतात. धाकट्याचे ओठ हलत होते. शब्द शोधत होता, कपाळावर घाम. मी दातांत जीभ धरून बसले, खरंच धरली, दुखेपर्यंत.

"ऊठ," धाकटा म्हणाला.

मला आधी वाटलं, दुसरंच काही म्हणायचंय, चुकून हा शब्द आलाय. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. चुकून नव्हता आला.

मी उठले. तो बसला. त्याच्या खुर्चीत. मी दाराजवळ गेले. तिथून टेबलाचं फक्त एक टोक दिसतं, आणि वारा कसला, नुसती दाराची झळ लागते. आणि पाठीमागून बोललेलं निम्मं कळत नाही.

त्याने माझा नकाशा दूर सारला. साखरेचा डबा घेऊन टेबलाच्या मध्यावर ठेवला, त्याच्या डोक्यावर एक चमचा उभा धरला आणि चार जणांकडे बोट केलं. भूलबाई म्हणाली, "आम्ही. डोलकाठीवर." तो हो म्हणाला. मग हात लांब केला, दूर, खिडकीपलीकडे, आणि बोटं हलवली.

"काहीतरी हलतंय," मोजणीदार म्हणाला. "जनावर आहे?" नाही. "माणसं?" नाही. "जहाज?" नाही, नाही.

"मग काय आहे?" भाचीने विचारलं. आणि विचारून ती गप्प बसली. सगळेच बसले, पण या वेळी कुणी रोखून बघत नव्हतं. भूलबाई चहात साखर ढवळत होती. मोजणीदार फासे रचत होता. जणू वेळच वेळ आहे.

धाकट्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "खि... खिडकी."

म्हणाला, आणि लगेच चेहरा पडला. हा तो शब्द नव्हता. मला लांबूनही कळलं. मी "त्याला म्हणायचंय..." असं म्हणणार, इतक्यात भूलबाई शांतपणे म्हणाली, "खिडकी दिसते. बरं. केवढी आहे?"

धाकटा तिच्याकडे बघत राहिला.

मोजणीदाराने विचारलं, "भिंतीत आहे की नुसतीच उभी?"

आणि मग मी माझ्या भावाच्या चेहऱ्यावर ते पाहिलं. विम्याच्या दाव्यातली एखादी अजब थाप सांगायच्या आधी त्याची डावी भुवई वर जायची. ती गेली. त्याने दोन्ही हातांनी हवेत एक मोठा चौकोन काढला. मग भिंतीसाठी हात आडवा फिरवला आणि मान हलवली. भिंत नाही. चिखलाच्या मैदानात एकटी खिडकी. आणि ती चालतेय. बोटांनी दाखवलं त्याने, पावलं टाकत टाकत, आमच्याकडे.

"बाप रे," भाची म्हणाली. खरोखर घाबरली होती.

मग पुष्कळ वेळ खेळ चालला. किती वेळ, ते कुणी पाहिलं नाही. शब्द चुकला की कधी तो हात हलवून पुसून टाकायचा, कधी भुवई वर करून तसाच ठेवायचा. पुसायचा की ठेवायचा, ते तोच ठरवायचा. ठेवलेल्या शब्दांतून एक 'मीठ खाणारा शेजारी' निघाला, एक 'रविवार' निघाला जो पिंजऱ्यात ठेवावा लागतो. भावजयीचा चोर आयुष्यात पहिल्यांदा पकडला गेला. पकडला जाताना ती इतकी किंचाळली की शेजारची बाई दारावर आली.

मी दाराजवळच बसून होते. मला कुणी पात्र दिलंच नव्हतं.

३ मे, रविवार

शांतपणे विचार केला. एक मान्य करायला हवं: खेळ आणि जग निवडताना मी खूप मेहनत घेतली आणि अखेर योग्य निवड झाली. जग ओहोटी. नियम असे: सूत्रधार धाकटा, खेळणाऱ्यांनी विचारायचं, त्याच्या तोंडून निघालेलं खरं, नको असेल तर तो पुसेल. फासा एकच. पानभरसुद्धा नियम होत नाहीत. जाड तीन खंडांत हे कुणाला सुचलं नाही.

ओहोटी घ्यायची हे मीच ठरवलं होतं, तेव्हा निवड माझीच म्हणायला हरकत नाही.

तरी दुपारभर एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मी उठेपर्यंत तो उभा होता. किती वेळ उभा होता, आणि मी त्याला पंख्याचं विचारत होते.

१२ मे, मंगळवार

बोलण्याचा सराव घेणाऱ्या बाईंना भेटले. त्या म्हणाल्या, "गेल्या आठवड्यात त्यांनी स्वतःहून मला थांबवलं. हात वर केला, शब्द शोधला आणि सांगितला." मी विचारलं, कुठला शब्द? म्हणाल्या, "'उद्या.' ते दमले होते." बाईंना फार आनंद झाला होता. एखाद्याने आपल्याला घालवून दिल्यावर इतकं खूश होणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं.

भावजयीने आज बाजारातल्या चौकातून एकटीच्या जोरावर गाडी काढली. मी शेजारी होते, पाय मांडी घालून वर घेतले होते. बरंच अवघड आहे तसं बसणं.

२३ मे, शनिवार

मला पात्र मिळालं. मीच मागितलं. म्हटलं, मी कप्तान होणार. धाकट्याने "जहाज?" असं विचारलं, म्हणजे कुठल्या जहाजाची. मी म्हटलं, सगळ्यांत मोठ्या. त्याने भुवई वर केली आणि मला एक जहाज दिलं, ज्यावर खलाशीच नाहीत. हुकूम सोडा, ऐकणारं कुणी नाही. सगळे फार हसले. हसू देत.

आज आम्ही त्या चालत्या खिडकीपर्यंत पोचलो. चिखलात एकटी उभी, तावदानं बंद. भूलबाईची तलवार तिच्यावर चालेना. मोजणीदाराने मोजून पाहिली तर आतून ती बाहेरून आहे त्यापेक्षा मोठी. भावजयीने कडी काढली, ते काम तिचंच. तावदान उघडलं. पलीकडे अंधार.

आता कुणीतरी आत जायला हवं होतं. चौघांनीही माझ्याकडे पाहिलं. कप्तान ना तुम्ही!

मी धाकट्याकडे वळले. "काय करू मी? जाऊ का आत?"

तो पुढे वाकला. घाई नव्हती त्याला. आम्हाला कुणालाच नव्हती.

"तू... सांग," धाकटा म्हणाला. "ताई."

मला कुणी असं विचारलं की मी ताबडतोब सांगते. शेजाऱ्यांची लग्नं, पोरांच्या शाखा, कुणी कुठे वळायचं, सगळं. आज तोंड उघडलं आणि काही येईना. खोटी खिडकी, खोटा अंधार, आणि मी तळहात साडीला पुसतेय! कुणी काही सुचवलं नाही. चौघे बसून राहिले, माझी वाट बघत.

"मी उडी मारते," मी म्हटलं. आवाज भलताच बारीक निघाला.

फासा टाकला. दोन. वीस बाजूंच्या फाशावर दोन. भाची ओरडली, मोजणीदाराने डोकं धरलं. धाकट्याने फाशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डोळे मिटून शब्द शोधला, ओठांवर आणला, परत नेला, पुन्हा आणला.

"पाणी," तो म्हणाला.

त्या जगात पाणी नाहीच. अकरा वर्षांत कुणी पाणी पाहिलेलं नाही. भाची खुर्चीतून अर्धी उठली होती, नावाडी ना ती. हाच शब्द त्याला हवा होता की हा भलताच येऊन पडला, हे त्याच्या चेहऱ्यावरून कुणालाच कळेना. भुवई खाली होती. पण हातही हलला नव्हता, पुसायला.

विचारावं असं फार वाटलं. अरे, पाणीच म्हणायचंय ना तुला? जिभेवर आलं होतं.

मी विचारलं, "किती खोल?"